वालधुनीकाठची घरे

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्री उल्हासनगरात वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्या शेकडो रहिवाशांना मळमळ, उलट्या आणि श्वासावरोध यांमुळे रुग्णालय गाठावे लागले. कोठे कारखान्यात स्फोट झाला नव्हता. टँकरमधून आणलेले टाकाऊ रसायन अंधाराचा फायदा घेऊन पात्रात सोडून देण्यात आले होते.

अशा घटनांना अपघात म्हणण्याची प्रथा आहे. तथापि त्यांच्यामागे अगदी साधा हिशेब असतो. रासायनिक टाकाऊ द्रव्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावावयाची तर पैसे मोजावे लागतात. नाल्यात ओतले तर टँकरच्या फेरीचे भाडे तेवढे पडते. वाचलेला खर्च काठावरच्या घरांतून औषधपाणी आणि बुडालेली मजुरी या रूपाने वसूल होतो. पिगू या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने कारखान्यांच्या धुराचे उदाहरण देऊन १९२० सालीच हे सांगून ठेवले होते. अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावून, तेथील १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून, उल्हासनगरमार्गे कल्याणच्या खाडीस मिळणारी ही नदी त्या सिद्धान्ताचे चालते-बोलते प्रात्यक्षिक झाली आहे.

घरातील माणसाच्या दृष्टीने यातला खरा धोका वेगळाच आहे. सल्फाइडयुक्त द्रव्याशी आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सखल जागी साचतो; म्हणजे जेथे माणसे जमिनीवर अंथरूण टाकून निजतात नेमका तेथेच. प्रारंभी त्यास कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते, परंतु प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास थांबला म्हणून निर्धास्त होणारा गृहस्थ त्या क्षणी अधिक संकटात असतो. ही गोष्ट नाल्याकाठच्या किती घरांना कोणी सांगितली आहे?

भोपाळच्या १९८४ सालच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक उद्योगांनी परिसरातील लोकांनाही धोक्याची माहिती द्यावी, असे बंधन आले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने दोष सिद्ध न करताही मदत मिळण्याची सोय केली. दोन्ही कायदे चांगलेच आहेत. परंतु दोन्हींची भिस्त धोकादायक द्रव्य हाताळणारा मालक ठाऊक असण्यावर आहे. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती होऊन आसपासच्या रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले, तेव्हा निदान वायू कोठून आला हे सांगता येत होते. रात्री रिकामा होऊन निघून गेलेल्या टँकरला पत्ता नसतो. म्हणून प्रत्येक फेरीची, माल कोठून निघाला व कोठे उतरला याची नोंद जुळविणे आणि रात्री पुलांवर पहारा ठेवणे, ही कामे नुकसानभरपाईच्या घोषणांपेक्षा अधिक निकडीची आहेत.

वायू पसरल्यास वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंच जागी जावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. नाल्यालगतच्या एकखणी चाळीला वरचा मजला नसतो. तेव्हा उंच जागा कोणती, शाळेची इमारत की देवळाचा चौथरा, हे नगरपालिकांनी वस्तीवस्तीत आधीच ठरवून द्यावयास हवे.