काढणीच्या दिवसांतली फेरी

सकाळी 6. लातूरहून कॉलेजची बस नांदेड रस्त्याला लागते. सोयाबीनची काढणी जोरात आहे. चाकूरच्या पुढच्या गावांत आठनंतर पोचलो तर घरोघरी कुलपं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानं एमबीबीएसच्या मुलांनी पहिल्या वर्षापासून किमान 3 कुटुंबं ‘दत्तक’ घ्यायची असतात. कोण कोणाला दत्तक घेतं, हा विषय मी बसमध्ये काढत नाही. एवढंच बजावते : अ‍ॅप्रन पिशवीत ठेवा, पाणी दिलं तर प्या, सासऱ्यासमोर पाळीचं विचारू नका.

7. पहिल्या घरात गरोदर सून. लोहाच्या गोळ्या घेते का, असं विचारलं तिला. ‘घेती की’ म्हणाली सासू. गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात जसंच्या तसं. आमच्यातला एक विद्यार्थी लगेच बाळाचं भय घालायला लागला. त्याला थांबवून मीच विचारलं, ‘गोळी घेतली की काय होतं गं?’

‘संडासला काळं होतंय. पोटात आग पडल्यावानी होतंय.’

पोरानं वहीत ‘गैरसमज’ लिहिलं. मी खोडायला लावलं. गोळीनं शौचाला काळं होतं, पोटात जळजळतं. त्याच्याच पुस्तकात छापलंय. आधी सांगितलं असतं तर ती घाबरली नसती. पोटाला सोसत नसेल तर जेवून गोळी घे, त्यावर लगेच चहा नको, हे मग त्यानंच तिला समजावलं. बरं समजावलं.

9. बंजारा तांडा. इथं रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून घेणारी एक बाई. का, ते सांगेना. आमच्यातली एक मुलगी नेहमी मागे उभी राहते. ती गोरमाटीत काहीतरी बोलली. बाईनं आधी तिचा तांडा कुठला, बाप कोण, हे सगळं काढून घेतलं आणि मग खरं सांगितलं. दिवाळीच्या आधी ऊसतोडीला कोयता निघणार, फडावर गोळी मिळत नाही, म्हणून आत्तापासून साठवतेय. अज्ञान कसलं? चोख हिशेब होता तिचा, फक्त रक्तदाबाला मानवणारा नव्हता.

12. चाकूरला जेवण. त्या मुलीनं बाईसाठी औषधाचं नाव, मात्रा आणि मागची मोजमापं एका चिठ्ठीवर लिहिली. साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. पुढच्या खेपेला चिठ्ठी द्यायची आणि साठवलेल्या गोळ्यांचं बोलायचं. ही खेप मात्र काढणी संपायची वाट बघणार नाही.

2.30. कॉलेजात तास. आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं 1978 मध्ये सहकाऱ्यांबरोबर रुग्णाला विचारायची एक प्रश्नमाला मांडली : हा त्रास कशानं झाला असं तुम्हाला वाटतं? त्यात भीती कशाची वाटते? मुलं ती तोंडपाठ करतात. त्यांना हवी असते यादी : बंजारा असे, मुसलमान असे, धनगर असे. ती मी देत नाही. तांड्यावरच्या दोन शेजारणींचंही एकसारखं नसतं.

वर्गातली कितीतरी पोरं वाडी-तांड्यावरचीच. नीटच्या तयारीला लातुरात आली आणि घरची बोली खोलीवर ठेवून शिकवणीला जायला शिकली. मी त्यांना नवीन काय शिकवणार? बोलीची वाटणारी लाज तेवढी दूर करायची.

4. नोंदवह्या तपासणं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या शेजारी मी एक रकाना हातानं आखायला लावलाय : ‘उत्तर कोणी दिलं?’ आज निम्म्या वह्यांत तिथं ‘सासू’ आहे. ती घरं पुन्हा करायची. या खेपेला मुलींनी, सून रानात निघते त्या वेळेला.