इंजिनाची तहान, माणसांची गाठभेट

कोळशाची इंजिने गेली, धूर विरला. पण भिलाई-दुर्गच्या जुन्या पिढीच्या मनातली ती गाडी अजून हलायला तयार नाही. असे काय होते त्या गाडीत?

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजोबांसमोर ‘कोळशाचे इंजिन’ एवढे दोनच शब्द उच्चारून पाहा. हातातला पेपर बाजूला ठेवला जाईल, चष्मा पुसला जाईल आणि पुढचा तासभर तुमची सुटका नाही! नागपूर पॅसेंजरची गर्दी, खिडकीवरून भावंडांत झालेली भांडणे, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आणि पदराचे टोक ओले करून तो हळूच काढणारी आई... सारे जसेच्या तसे त्यांच्यासमोर उभे राहते. नातवंडांना मात्र नवल वाटते. एवढा धूर, एवढी काजळी, एवढा उशीर. मग त्या गाडीची इतकी आठवण का यावी?

या प्रश्नाचे उत्तर त्या इंजिनाच्या पोटात आहे. पण त्याआधी थोडे या मार्गाविषयी.

नागपूरशी जुळलेली नाळ

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर ते राजनांदगाव मीटरगेज रेल्वे झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेतली, तिचे ब्रॉडगेज केले आणि १८९१ पर्यंत रूळ पार आसनसोलपर्यंत नेले. त्या काळी दुर्ग, रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. कोर्टाचे काम असो, कॉलेजचा प्रवेश असो की मुलीचे लग्न ठरवायचे असो, छत्तीसगडच्या मराठी कुटुंबाला नागपूरचीच गाडी धरावी लागे. दुर्गहून सुमारे २६५ किलोमीटरचा हा प्रवास म्हणजे माहेर आणि सासर यांच्यातला दुवाच होता.

नागपूरचे स्थानकही राजधानीला शोभेल असेच. आज दिसते ती दगडी इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी तेव्हाचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते खुली झाली. भिलाईहून आलेल्या पोराला शहर म्हणजे काय, हे पहिल्यांदा त्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर कळे.

१९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि देशभरातून माणसे इकडे येऊ लागली. कारखान्याच्या बांधकामाच्या दिवसांत वसलेल्या कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या वस्त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन ती ज्या गाडीतून उतरली, ती कोळशाच्या इंजिनाचीच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. इकडे भट्टीत लोखंड वितळत होते आणि ते वितळवणारी माणसे दुसऱ्या एका भट्टीच्या जोरावर येथवर आली होती!

थांबण्याचे कारण

आता त्या इंजिनाच्या पोटाकडे वळू. वाफेचे इंजिन म्हणजे चाकांवरचा प्रचंड बंब. भट्टीत कोळसा जळायचा, बॉयलरमधले पाणी उकळायचे, वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलायची आणि चाके फिरायची. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना जो आवाज होई, तीच आपली ‘झुकझुक’. ही वाफ परत मिळत नसे. त्यामुळे इंजिनाला सारखी तहान लागे. ठरावीक अंतरावर उंच टाक्या आणि फलाटाच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखे जाड नळ असत. गाडी आली, की त्या नळाखाली उभी राही. पाणी भरायचे, भट्टीतली राख काढायची, सांध्यांना तेल द्यायचे. मोठ्या स्थानकावर तर इंजिनच बदलायचे. यात बराच वेळ जाई.

स्थानकांचे सारे जग या थांब्यावरच उभे होते. गाडी थांबे, म्हणून चहावाला भट्टी पेटती ठेवी. म्हणून प्रवासी फलाटावर उतरून सुरईत पाणी भरून आणत. मावशी त्या गाडीने जाणार असे कळले, की भाचरे डबा घेऊन स्थानकावर हजर. दहा मिनिटांत ख्यालीखुशाली, आहेर, रडणे, हसणे सगळे उरकायचे. नागपूरला संत्र्यांची टोपली खिडकीतून आत यायची आणि डबाभर वास सुटायचा. इंजिनाला तहान लागे, म्हणून माणसांना माणसे भेटत!

डिझेल आणि विजेच्या इंजिनांना अशी तहान नाही. गाड्या वेगाने धावू लागल्या आणि थांबे आखूड झाले. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री मधू दंडवते यांच्या कारकिर्दीत मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस याच नागपूर-दुर्ग मार्गाने सुरू झाली. डब्यांत वर्गभेद न ठेवणारी ही गाडी सामान्य प्रवाशाला मोठे वरदान ठरली. प्रवास लवकर संपू लागला, हे चांगलेच झाले. फक्त वाटेतली गावे खिडकीबाहेरच राहिली.

गोड आठवणींमागचा घाम

पण या आठवणी प्रवाशांच्या आहेत. इंजिनावरच्या फायरमनला विचारले असते, तर त्याने वेगळेच सांगितले असते. छत्तीसगडच्या मे महिन्यात, समोर धगधगती भट्टी, पायाखाली हलती लोखंडी पाटी आणि हातात फावडे. चढ आला, की हात थांबवायचा नाही. घरी परतल्यावर साबणाची वडी झिजे, पण नखांतला काळा रंग जात नसे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांनी १९२७-२८ च्या सुमारास कपातीविरुद्ध मोठा लढा दिला. त्यांच्या नेत्यांपैकी एक व्ही. व्ही. गिरी पुढे देशाचे राष्ट्रपती झाले.

कॅम्पजवळच्या भिलाई पॉवर हाऊस स्थानकाची आठवणही निव्वळ गोड नाही. १ जुलै १९९२ रोजी तेथे रुळांवर ठाण मांडून बसलेल्या आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक कामगारांचा जीव गेला. ज्या स्थानकावर उतरून अनेकांनी पोटापाण्याची वाट धरली, तेथेच हे घडले. स्थानकाचा इतिहास सांगताना हे पान गाळून चालणार नाही.

ताल हरवला तो इथेच

आणखी एक गंमत. जुन्या गाडीचा ‘खडाक्-खट्’ हा ताल आठवतो ना? ब्रॉडगेजचे रूळ साधारण १३ मीटर लांबीचे असत. दोन रुळांच्या जोडावरून चाक गेले, की तो आवाज येई. भिलाईचा कारखाना १९६० पासून भारतीय रेल्वेला रूळ पुरवतो. पुढे येथेच रूळ एकमेकांना जोडून २६० मीटर लांबीचे रूळ पाठवले जाऊ लागले. जोड कमी झाले, प्रवास सुरक्षित आणि सुखाचा झाला आणि तो ताल हरपला. ज्यांच्या पाळण्यातल्या झोपेला त्या तालाची सवय होती, त्यांनीच आपल्या हातांनी तो बंद केला!

चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये तयार झाले. त्याचे नावच होते ‘अंतिम सितारा’. डिसेंबर १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेच्या गाड्यांची नियमित सेवाही संपली. रायपूर-धमतरी ही १९०० साली सुरू झालेली छोटी गाडीही आता राहिली नाही. रायपूर शहरात तिच्या वाटेवर रुंद रस्ता झाला आहे.

जपायचे ते काय?

जुने काही पाहायचेच असेल, तर नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. मुलांना सुट्टीत तेथे जरूर न्यावे. इकडे स्थानकांचे रूप झपाट्याने पालटते आहे. अमृत भारत योजनेत नव्याने सजलेल्या ज्या १०३ स्थानकांचे मे २०२५ मध्ये उद्घाटन झाले, त्यांत भिलाई आणि डोंगरगड ही दोन्ही आहेत. सरकते जिने, स्वच्छ प्रतीक्षालये हवीतच. म्हाताऱ्या गुडघ्यांना त्यांची गरज अधिक. पण त्याच नव्या इमारतीत काचेच्या एका कपाटापुरती जागा मागायला काय हरकत आहे? पुठ्ठ्याचे जाड तिकीट, गार्डचा कंदील, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, फायरमनचे फावडे, एवढे त्यात मावेल.

वस्तू मात्र स्वतः बोलत नाहीत. त्यांच्यावर काम केलेले हात आता थोडेच उरले आहेत. कोणत्या स्थानकावर इंजिन बदलायचे, भट्टी कशी लावायची, सुट्टी नसताना दिवाळी कशी साजरी व्हायची, हे अजून सांगू शकतील अशी माणसे आपल्या गल्लीतच असतील. खिशातल्या फोनवर त्यांचे बोलणे टिपून ठेवायला पैसे पडत नाहीत. लागतो तो फक्त वेळ. पूर्वी तो इंजिन मिळवून देत असे. आता आपल्यालाच काढावा लागेल.