गोळीवरची लाख

रंगीत जेलीच्या किंवा चकचकीत चॉकलेटच्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत अनेकदा ‘ग्लेझिंग एजंट (९०४)’ असं छापलेलं असतं. हा ९०४ म्हणजे शेलॅक, सुतार पॉलिशसाठी वापरतात ती चपडी लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे दाटीनं बसतात, सालीत सोंड खुपसून रस पितात आणि अंगातून राळ सोडतात. तिचं कवच होतं आणि मादी त्यात जन्मभरासाठी बंद होते. फांद्या तोडून ही राळ खरवडतात, धुऊन तिचा लाल रंग काढतात, मग वितळवून पातळ पत्रे ओढतात. झारखंड-छत्तीसगडप्रमाणे आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही हे पीक निघतं. मिठाईवर तिचा थर दिला की दमटपणा आत शिरत नाही, गोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, चकाकी टिकते.

यात किळस येण्यासारखं काही नाही, पण खाणाऱ्याला ते नावानिशी कळायला हवं. २०२०च्या लेबलविषयक नियमांनी मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाश्यांचं मेण यांच्यासोबत शेलॅकही वगळलं, म्हणून अशा पाकिटावर हिरवा ठिपका येऊ शकतो. राळ हा किड्याचा स्राव, मांस नव्हे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. तरी पिल्लं बाहेर पडण्याआधीच तोडलेल्या लाखेत, जिला ‘अरी’ म्हणतात, जिवंत किडे असतात. अहिंसेचं व्रत पाळणाऱ्या जैन घराला हा तपशील क्षुल्लक नाही, आणि त्याचा निर्णय त्या घरानंच घ्यायचा आहे. आकडा तर छापलेलाच असतो, असं कुणी म्हणेल. पण तो उलगडता येणारे ग्राहक किती?

नाव छापलं तर लोक बिचकतील आणि लाख पिकवणाऱ्या आदिवासी कुटुंबांचं उत्पन्न बुडेल, ही शंका जास्त गंभीर आहे. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून होणाऱ्या कार्माइन या लाल रंगाची गोष्ट इथे पाहावी. काहींना त्याची ॲलर्जी होते, म्हणून अमेरिकेत २०११पासून तो नावानं लिहिणं सक्तीचं झालं. २०१२मध्ये आपल्या स्ट्रॉबेरी पेयात तो असल्याचं ग्राहकांना कळल्यावर स्टारबक्सनं तो काढून टोमॅटोतलं लायकोपीन घेतलं. उशिरा कळलेली गोष्ट फसवणुकीसारखी वाटते. लाखेचं तसं व्हायचं कारण नाही. बांगड्यांमुळे ती घरोघरी ओळखीची आहे. ९०४च्या शेजारी ‘लाख, कीटकजन्य’ एवढं छापायला एक ओळही लागत नाही.