शिल्लक थोडी, तरी खाते चालू

वैशाखात तेल्हाऱ्याच्या घरांत रात्री झोपवत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग टाकतात. मग बाजा गच्चीवर जातात, पाण्याचा माठ जातो, आणि मागोमाग आमच्यासारख्या निवृत्तांच्या गप्पाही जातात. परवा नातीने दक्षिणेकडचा पांढरा तारा दाखवून विचारले, "आबा, ही चित्रा ना?"

"हो," मी म्हटले. "आणि तिच्याच कन्या राशीत दोन म्हाताऱ्या खातेदारीणी आहेत. आपल्याला दिसत नाहीत इतकेच."

नात हसली. जन्म बँकेत गेला, त्यामुळे आभाळाकडे पाहतानाही मला खातेवहीच दिसते, हे तिला ठाऊक आहे. पण खगोलशास्त्रातला हा प्रश्न खरोखरच जमाखर्चाचा आहे.

दीर्घिका सहसा एकट्या राहत नाहीत. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी याही एका लहानशा समूहातल्याच. पुष्कळ समूहांच्या मधोमध एक मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका असते, एकत्र कुटुंबातल्या कर्त्या बाईसारखी. तिच्यातले तारे जुने आणि तांबूस. नवे तारे जन्माला घालायचे दिवस सरले, असे समजून जाणकारांनी तिला बराच काळ जवळजवळ निवृत्तच करून टाकले होते. कारण तारा जन्मायला थंड वायू लागतो, शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपासचा. आणि हिच्याभोवती तर अनेकदा कोटीभर अंश तापलेला विरळ वायू पसरलेला असतो. अशा भट्टीत थंडावा कुठून राहणार?

हे तपासायला यूअन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २६ कोटी प्रकाशवर्षांच्या आतले ५३ समूह निवडले. सहकाऱ्यांत पुण्याच्या 'आयुका'चे तेव्हाचे संचालक सोमक रायचौधुरी होते. आपल्या नारायणगावाजवळच्या खोडदच्या दुर्बिणीचाही या कामात मोठा वाटा आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार तबकड्या आहेत. विज्ञान दिनाला नातीला घेऊन गेलो होतो, तेव्हा शेतांच्या मधोमध आभाळाला कान लावून बसलेल्या त्या तबकड्या पाहिल्या. या समूहांच्या केंद्रातील कृष्णविवरे रेडिओ लहरींत किती गर्जतात, हे तिथे ऐकले गेले.

थंड वायूचा माग मात्र वेगळ्या दुर्बिणींनी काढावा लागला. थंड हायड्रोजनचा रेणू मुका असतो. त्याच्याकडून संदेश मिळत नाही. त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड असतो, तो अडीच-पावणेतीन मिलिमीटरच्या लहरींत बोलतो. मुका पाहुणा घरात आहे की नाही, हे त्याच्या बोलक्या सोबत्यावरून ओळखावे, तसला हा प्रकार. स्पेनच्या डोंगरावरची ३० मीटरची आणि चिलीच्या वाळवंटातली १२ मीटरची अशा दोन तबकड्या या कामाला लावल्या.

२०१८ साली हिशेब पुरा झाला. ५३पैकी २१ कर्त्या दीर्घिकांत हा वायू सापडला. त्यांत नवे ताऱ्यांचे पीक अगदी बेताचे: वर्षाला एका सूर्याच्या शंभराव्या हिश्श्यापासून फार तर एका सूर्याइतके. तरीसुद्धा शिल्लक भागिले वार्षिक खर्च केला, की वायू शंभर कोटी वर्षेही पुरत नाही. या म्हाताऱ्यांचे वय त्याच्या कितीतरी पट. म्हणजे खाते केव्हाच रिकामे व्हायला हवे होते. झालेले नाही, अर्थात कुणीतरी भरणा करीत असले पाहिजे.

कोण? एक संशय भोवतीच्या तप्त वायूवर. तो निवत निवत मध्यात उतरत असेल. पण तप्त वायू असलेल्या समूहांतच थंड वायू सापडतो, असे काही दिसले नाही. माझ्या त्या कन्या राशीतल्या दोघी, एनजीसी ४६३६ आणि एनजीसी ५८४६, अशा निवणाऱ्या वायूच्या मध्यावर बसलेल्या म्हणून नावाजलेल्या. त्यांचीच शिल्लक इतरांच्या मानाने तुटपुंजी निघाली. उलट बऱ्याच दीर्घिकांत शेजाऱ्यांशी झालेल्या गाठीभेटींच्या खुणा आहेत. जवळून जाणाऱ्या किंवा येऊन मिळालेल्या लहान दीर्घिकांचा वायू त्यांच्या पदरात पडला असावा.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. १९९४ साली एका म्हातारीचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. नवरा वारलेला, दीड एकर खारपाणपट्ट्यातली जमीन, विहिरीचे पाणी मचूळ. तिला म्हैस घ्यायची होती. बचत खाते पाहिले: शिल्लक सदुसष्ट रुपये. मी शेरा मारला, 'उत्पन्नाचे साधन नाही', आणि अर्ज परत केला. शेऱ्याखाली सही माझीच, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

दोन वर्षांनी वसुलीला त्या गावी गेलो, तर तिच्या दारात म्हैस बांधलेली. तिघी लेकींनी कापूस वेचून जमवलेले पैसे, भावाने दिलेला कडबा, शेजारणीने उधार दिलेली ढेप. दूध विकून तिने तिघींचे पैसेही फेडले होते. मी ओशाळलो. ती मात्र चहा ठेवता ठेवता म्हणाली, "साहेब, तुमी माहं खातं पायलं, दार नाही पायलं."

हे मी आजवर घरात कुणाला सांगितले नव्हते. त्या रात्री गच्चीवर नातीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आबा, मग त्या आजीला तुम्ही नंतर कर्ज दिलं का?"

"तिने मागितलेच नाही," मी म्हणालो.

चित्रा तोवर पश्चिमेकडे कलली होती. खाली भिंती अजून तापलेल्याच होत्या.