अंगठ्याएवढा ऑस्कर, सहा फुटांचं घर

ऑक्टोबर 2014. जयपूरच्या जगतपुऱ्यात, महल रोडजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन ऑस्कर आणले. दोघंही माझ्या अंगठ्याएवढे, काळ्या अंगावर पांढरट नागमोडी रेघा. दुकानदाराने सोबत 2 फूट लांब, 1 फूट रुंद, जेमतेम 70 लिटरचा टँक दिला आणि म्हणाला, "मछली टँक के हिसाब से ही बढ़ती है." पुढच्या पाच वर्षांतल्या माझ्या चुका या एका वाक्यातून निघाल्या.

ऑस्कर हा ॲमेझॉन खोऱ्यातला सिक्लिड. नीट पोसला तर 30 सेंटिमीटर गाठतो आणि दहा-बारा वर्षं जगतो. पहिल्या वर्षी तर महिन्याला इंचभर वाढतो. छोट्या टँकमध्ये पाणी सतत खराब राहतं, वाढ खुंटते, अंग बेढब होतं, आयुष्य घटतं. आणि आपण म्हणतो, टँकपुरता वाढला. होळीपर्यंत आमचे दोघं वीतभर होत आले. एका फुटाच्या रुंदीत वळताना त्यांची शेपटी काचेला घासायची. मागच्या कोपऱ्यातला इंटरनल फिल्टर दर दोन दिवसांनी तुंबायचा.

2015 मध्ये 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा साधारण 250 लिटरचा टँक घेतला आणि त्याला बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर लावला. पाणी आरशासारखं दिसू लागलं. स्वच्छ दिसणारं पाणी म्हणजे निरोगी पाणी, अशी माझी समजूत होती.

ती मे 2017 मध्ये मोडली. बाहेर 44 अंश, टँकमध्ये 32. एका रविवारी मी कॅनिस्टर उघडला, स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नळाखाली धरून पांढऱ्याशुभ्र होईतो धुतल्या. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांमधून सुटणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या रिंगांवरच राहतात. माझ्या हातांनी मी ते मोरीत वाहवले. तिसऱ्या दिवशी दोन्ही ऑस्कर पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत होते, कल्ले लालभडक झाले होते. अमोनियाच्या टेस्ट किटचे थेंब टाकले तर नळीतलं पाणी गडद हिरवं. अर्धं पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा बदललं. एक वाचला. दुसरा रात्रीच गेला.

नंतर अभ्यास केला तेव्हा इथल्या पाण्याचा हिशेब कळला. बिसलपूर धरणाचं पाणी जयपूर शहरात 2009 पासून येतं, पण आमच्या सोसायटीची भिस्त तेव्हा बोअरवेल आणि टँकरवर होती. ते पाणी जड, पीएच 8 च्या वर. अमोनियाचा खरा विषारी भाग पीएच 7 ला, 25 अंशांवर, जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच 8 ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. उष्णता वाढली की आणखी चढतो, आणि त्याच उष्णतेने पाण्यातला प्राणवायू घटतो. म्हणजे इथे उन्हाळ्यात फिल्टरची चूक दहापट महाग पडते. तेव्हापासून मी रिंगा टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात नुसत्या खळबळतो. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी कधीच धूत नाही.

2018 मध्ये, उरलेल्या ऑस्करला सोबत म्हणून जॅग्वार सिक्लिड आणला. मध्य अमेरिकेतला, जड पाण्यात रमणारा. वर्ष सरायच्या आत त्याने ऑस्करला हीटरमागच्या कोपऱ्यात कोंडलं, परांच्या चिंध्या केल्या. मी मूळचा मालवणचा. तिथल्या खाडीतला कालुंदर हाही सिक्लिडच, भारतातल्या तीन देशी सिक्लिडांपैकी एक. त्याची नर-मादी मिळून अंडी आणि पिल्लं राखतात. ज्याला आपण सिक्लिडचा राग म्हणतो, ती ही राखणच असते. खाडीत हद्दीबाहेर पळायला जागा असते. 4 फुटांच्या काचेत सगळीच एकाची हद्द होते. फिल्टर कितीही मोठा लावला तरी ती जागा देऊ शकत नाही. जॅग्वार मी ओळखीतल्या एकाच्या मोठ्या टँकमध्ये सोडला.

2019 मध्ये 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टँक बनवून घेतला. काठोकाठ 680 लिटर पाणी आणि 12 मिलिमीटर काचेचे सव्वाशेएक किलो. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात, म्हणून आधी इंजिनिअरला दाखवून तो तुळईवरच्या भिंतीलगत ठेवला. खाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, केला: आधी फिल्टर वूल, मग रिंगा, शेवटी पंप. पंपाच्या खोक्यावर ताशी 6000 लिटर लिहिलं होतं. मी परतीच्या पाइपखाली 15 लिटरची बादली धरली; भरायला 15 सेकंद लागली. म्हणजे ताशी 3600. पाणी चार फूट वर चढवताना उरलेला जोर खर्च होतो. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबलो असतो तर फसलो असतो. संपमध्ये मुद्दाम रिकामी जागा ठेवली, कारण वीज गेली की वरचं पाणी खाली उतरतं. इन्व्हर्टरवर एक एअर पंप कायम असतो.

उन्हाळ्यासाठी संपवर छोटा पंखा लावला. कोरड्या हवेत तो कूलरसारखंच काम करतो, दोन-तीन अंश सहज उतरतात. त्यात उडालेलं पाणी रोज भरावं लागतं.

फिल्टर अमोनिया आणि नायट्राइट सांभाळतो; नायट्रेट मात्र साठत जातं, ते बादलीनेच काढावं लागतं. एकदा बोअरचं पाणी तपासलं तर त्यातच नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45. शिवाय दर आठवड्याला अडीचशे लिटर पाणी बदलायचं, तेही राजस्थानात, हे मनाला टोचायचं. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. काढलेलं पाणी सोसायटीतल्या कडुनिंबांना आणि बोगनवेलींना घालायचं. नायट्रेट हे झाडांचं खतच. आणि एवढ्या टँकमध्ये एकच मोठा मासा ठेवायचा, आठवड्यातून एक दिवस उपास. आता शंभर लिटर बदललं तरी किटचा रंग ताळ्यावर राहतो.

त्या दोघांतला उरलेला ऑस्कर आता अकरा वर्षांचा आहे. एक डोळा थोडा धुरकट झालाय, पण सकाळी मी दिवा लावला की काचेशी येतो. परवा शेजारचा मुलगा पिशवीत अंगठ्याएवढा ऑस्कर घेऊन आला आणि विचारलं, किती मोठा टँक घेऊ? मी त्याला शाळेची 30 सेंटिमीटरची पट्टी आमच्या काचेला लावायला सांगितली. आतला म्हातारा पट्टीजवळ आला, दोन्ही टोकांना पुरून उरला. मुलाने पट्टीकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे. फिल्टरबद्दल आम्ही त्यानंतर बोललो.