मोगऱ्यास ताण देण्याची आवश्यकता

मोगरा एकदां लावला म्हणजे १० वर्षें व अधिकहि फुलतो. यास्तव लागवडींत हयगय करूं नये. निचऱ्याची जमीन व भरपूर उन्हाची जागा निवडावी. पावसाळ्याच्या आरंभीं ४ फूट अंतरावर दीड फूट खोल खड्डे घेऊन, त्यांत कुजलेलें शेणखत व माती भरून मुळें धरलेलीं कलमें लावावीं.

झाड हिरवेंगार, परंतु फूल नाहीं, अशी तक्रार आम्ही पुष्कळदां ऐकतों. हिवाळ्यांतहि चालू ठेवलेलें पाणी हें याचें एक मुख्य कारण होय. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. म्हणून नोव्हेंबरांत पाणी तोडावें. पानें गळूं लागलीं तरी घाबरूं नये. मात्र हलक्या जमिनींत ताण थोडका द्यावा. महिनाअखेर झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटून वाळक्या व रोगट फांद्या काढून टाकाव्या. नंतर आळें हलकेंच खणून, शेणखत घालून पाणी सुरू करावें. अशा झाडास मार्चच्या सुमारास बहर लागतो.

फुलें बाजारांत न्यावयाचीं असल्यास पूर्ण वाढलेल्या, परंतु मिटलेल्या कळ्या पहांटेसच तोडाव्या. उमललेल्या फुलास भाव येत नाहीं.