डावखुरी गिटार

काकांच्या हातातली कानस थांबते. शिकंजा सैल करून ते त्यात आडवी धरलेली नेक बाहेर काढतात, तळहातानं भुसा पुसतात आणि स्टुलावर बसलेल्या मुलीच्या हातात देतात. "डोळे मीट. बघू नकोस, बोटांना कळू दे."

मुलगी डोळे मिटते. उजव्या हाताचा अंगठा नेकच्या पाठीवर, चार बोटं पुढच्या शिसवी पट्टीवर. हात वरून खाली सरकत येतो, पाचव्या फ्रेटच्या खाचेपाशी अडखळतो, मागे जाऊन पुन्हा तिथंच येतो. "इथं, काका. इथं अजून जाड लागतंय."

काका त्या जागी पेन्सिलनं आडवी रेघ मारतात आणि व्हर्निअर लावतात. २१.२ मिलीमीटर.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या सोसायटीत, तळमजल्याच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी बसलोय. जेमतेम दहा बाय बाराची जागा. जून संपत आलाय, पत्र्यावर पावसाचा आवाज आहे आणि बोलताना प्रत्येकाला थोडं वर चढून बोलावं लागतंय. भिंतीवरच्या छोट्या यंत्रावर हवेतला दमटपणा ७४ टक्के दिसतोय. त्याच्या खाली दोरीला टांगलेली तीन गिटारांची धडं, दाराशी प्लायच्या फळीवर राउटर, आणि मधोमध हे टेबल. काका पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेत. आयुष्य साचे आणि डाय घासण्यात गेलं. सुताराचं माप सुतात असतं, यांचं शतांश मिलीमीटरमध्ये. त्याच सवयीनं ते आता लाकूड मोजतात.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि डावखुरी आहे. आजवर ती उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवत आलीय. जिमी हेन्ड्रिक्स असंच वाजवायचा, हे तिला कुणीतरी सांगितलेलं असतंच. पण हेन्ड्रिक्सच्या उलट्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये काय काय बदलायचं, ते कुणी सांगत नाही. ब्रिजजवळचा पिकअप त्या गिटारवर तिरका बसवलेला असतो. गिटार उलटी केली की तो तिरकेपणाही उलटतो. मग जाड तारा ब्रिजच्या जवळ ऐकल्या जातात, बारीक तारा लांबून, आणि आवाजाचा पोत वेगळा होतो. हेन्ड्रिक्सनं त्यातून स्वतःचं काही उभं केलं. पण नॉब कोपराखाली येतात, वरच्या फ्रेटवर जायला केलेली खाच चुकीच्या बाजूला पडते, बाजूच्या खुणेचे ठिपके डोळ्यांना दिसत नाहीत. शंभरात दहाएक माणसं डावखुरी असतात आणि दुकानात भिंतभर गिटार लटकत असताना त्यांच्यासाठी बहुधा एखादीच असते, तीही दुकानदार देईल त्या रंगाची. मला विचाराल तर घरगुती वर्कशॉपचं खरं काम इथं आहे. ज्वाळा रंगवलेल्या, कवटीच्या आकाराच्या गिटार कुणीही करून देईल. एका माणसाच्या हाताला बसेल अशी गिटार करायला त्या माणसाला समोर बसवावं लागतं.

"बारीक कर म्हणतेस, पण किती?" काका नेक उलटी करून तिला टोकाकडची खोबण दाखवतात. शिसवी पट्टीखाली पोलादी ट्रस रॉड झोपवलेला आहे. सहा तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून साधारण ४५ किलोंचा ताण नेकला पुढे ओढत राहतो, आणि तो रॉड तिला मागे धरतो. पट्टी ६ मिलीमीटर, खोबण १० मिलीमीटर. म्हणजे २० पर्यंत उतरलो तर रॉडच्या मागे ४ मिलीमीटर लाकूड उरतं. "त्याच्या खाली मी जात नाही. नंतर रॉड आवळताना पाठ फाटली तर सगळंच गेलं."

मुलीचा चेहरा पडतो. काका मात्र मधल्या भागाला हातच लावत नाहीत. ते नेक पुन्हा शिकंज्यात धरतात, तिला कातड्याचा तुकडा लावतात आणि कानस पाठीच्या दोन्ही कडांना, जिथं पाठ बाजूकडे वळते त्या खांद्यांना लावतात. लांब, सावकाश घास. पुढे नेताना दाब, मागे आणताना उचललेली. खांद्यावरून सागवानाची पिवळसर भुकटी पडत जाते. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरची लांब पट्टी नेकवर आडवी टाकून दोन्ही टोकं धरून ते ती वरखाली ओढतात, तशी कड मोडून गोलाई येत जाते. मध्ये थांबून टेबललॅम्प बाजूला सरकवतात, तिरका प्रकाश टाकतात. त्या प्रकाशात एक बारीक सावली उमटते. तिथं उंचवटा आहे. माझ्या बोटाला तो लागत नाही. काकांच्या बोटाला लागतो.

"आता धर."

पुन्हा डोळे मिटणं, पुन्हा हाताचा प्रवास. या वेळी पाचव्या फ्रेटपाशी हात थांबत नाही. "काका, केवढी बारीक झाली!"

व्हर्निअर पुन्हा लागतो. २१.१. जाडी जवळजवळ तेवढीच आहे. हाताला जाडी कळते ती मधली नसून खांद्यांची, आणि ही गोष्ट मी आज पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतोय.

नेकचं लाकूड कुठलं, असं मी विचारतो तेव्हा काका खुलतात. पेठेतला एक वाडा पाडला तेव्हा त्याच्या चौकटीचं सागवान त्यांनी विकत घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहून वाळलेलं लाकूड, आता ते फारसं हलत नाही. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसून घ्यावं लागतं, नाहीतर जोड धरत नाही. दोन पट्ट्या सागाच्या आणि मध्ये एक शिसवीची, अशी ही तीन पदरी नेक आहे; एका पट्टीचे रेषे दुसरीच्या उलट ठेवले की एक वाकायला निघाली तर दुसरी तिला आवरते. इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलानं वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार करायला घेतली, तेव्हा नेकसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचंच लाकूड घेतलं होतं. पुढे क्वीन या बँडबरोबर तो तीच गिटार जगभर वाजवत राहिला. काकांना ही गोष्ट ठाऊक आहे आणि ती सांगताना त्यांचा हात नकळत त्या वाड्याच्या सागावरून फिरतो.

धड तुणीचं आहे, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं. मिरजेचे कारागीर सतारीला हेच लाकूड वापरतात; हलकं आहे, पटाशीला बरं लागतं. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये धडाच्या लाकडानं आवाज किती बदलतो यावर वाजवणारे तासन्‌तास भांडतात. माझं मत असं, की पिकअपला फक्त तारेची हालचाल कळते, लाकडाचं नाव कळत नाही. पण नेक लवचीक असेल किंवा धडाशी तिचा जोड पोकळ असेल, तर तारेची शक्ती तिथंच मुरते आणि सूर लवकर विझतो. म्हणून काका जोडाच्या खोबणीवर जीव टाकतात. नेक त्या खोबणीत स्क्रूशिवाय बसवून गिटार उचलून दाखवतात; ती सुटत नाही.

चार स्क्रूंनी नेक धडाला जोडायची ही पद्धत रूढ केली ती कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरनं, १९५० च्या सुमारास. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता आला पाहिजे, ही दुरुस्तीवाल्याची नजर त्यानं वाद्यात आणली. नेक एका टेबलावर, धड दुसरीकडे, तारांचं काम तिसऱ्या कोपऱ्यात, असं दहा बाय बारात करता येतं ते त्याच्यामुळे.

तिसरा कोपरा काकूंचा आहे. शिलाई मशीनची मोटर, तिच्या दांड्यावर पिकअपची रिकामी रिळं, शेजारी फेरे मोजणारा काटा. काकूंनी भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात अनेक वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या. इथली तार त्याहून कितीतरी नाजूक, ४२ गेजची, ०.०६ मिलीमीटरच्या आसपास. काकू ती अंगठा आणि तर्जनीत फेल्टच्या तुकड्यातून सोडतात. दाब जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर कॉइल पोकळ राहते आणि मोठ्या आवाजात शिट्टी मारते. पंखा बंद आहे, कारण वाऱ्यानं तार हलते. काटा ७,६०० वर येतो, मोटर थांबते. एवढ्याशा रिळावर किलोमीटरभराहून जास्त तार बसलीय. मल्टिमीटर ६.१ किलो-ओहम दाखवतो.

"मधला उलटा गुंडाळलाय ना?" काका इकडून विचारतात.

"उलटा गुंडाळलाय, चुंबकंही उलटी घातलीत. दर वेळी विचारता." काकू रीळ खोक्यात ठेवतात. मधला पिकअप असा दोन्ही अंगांनी उलटा केला, की तो शेजारच्या पिकअपबरोबर वाजताना घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घुंई एकमेकींना खाते आणि तारांचा आवाज मात्र शाबूत राहतो. जुन्या सोसायट्यांमध्ये अर्थिंगची अवस्था पाहता ही मोठी सोय आहे.

या मुलीच्या गिटारची तारेची लांबी काकांनी ६२८ मिलीमीटर धरलीय. फेंडरच्या मापाची असती तर ६४८ झाली असती. पहिला फ्रेट कुठं, हे काढायला लांबीला १७.८१७ नं भागायचं. जे उरेल त्याला पुन्हा १७.८१७ नं, की दुसरा. मुलीनं सगळी कोष्टकं स्वतः मांडून आणलीत. पहिला फ्रेट ३५.२५ वर, बारावा बरोबर अर्ध्यावर, ३१४ वर. पहिल्या चार फ्रेटच्या पसाऱ्यात ४ मिलीमीटर वाचतात. तिची करंगळी लहान आहे, तिला ते ४ मिलीमीटर हवेत.

तोवर काका दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची पूर्ण होत आलेली गिटार पुढे ओढतात. तिचे फ्रेट ठोकून झालेत, आता ते एका पातळीत आणायचेत. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर निळ्या मार्करची रेघ. त्यावरून लांब, सरळ पोलादी पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरतो. उंच फ्रेटवरची शाई आधी जाते, खोलगटावरची राहते. तेराव्यावर अजून निळं आहे. काका छोटी पट्टी तेरा-चौदा-पंधरावर ठेवून तिचं टोक दाबतात. पट्टी डुलते, बारीकसं "टक्" ऐकू येतं. चौदावा उंच आहे. दोन घास, पुन्हा पट्टी. आता "टक्" नाही.

हे सगळं कशासाठी, तर तार फ्रेटला नको तिथं घासून झणझणू नये म्हणून. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर नेमका तोच स्पर्श शोधत असतो: घोडीचा माथा असा घासायचा, की तार त्याला अगदी अलगद, पण सतत शिवत राहावी आणि स्वर फुलावा. काका मिरजेला जाऊन ते काम बघून आलेत. कानस तीच, कानही तेच. एकानं तो झंकार जन्माला घालायचा, दुसऱ्यानं तो हुडकून काढून टाकायचा. मला ही दोन्ही कामं एकाच घराण्यातली वाटतात, आणि मिरजेच्या हातांना जो मान आहे त्यातला वाटा या शेडलाही मिळायला हवा असं मनापासून वाटतं.

मुलीच्या गिटारचं धड दसऱ्यापर्यंत उघडंच राहणार आहे. पावसाळ्यात लॅकर मारला तर हवेतला दमटपणा त्यात अडकतो आणि पांढरट झाक येते. ती तक्रार करत नाही. तिनं खोक्यातले नॉबखालचे दोन पॉट बाहेर काढलेत आणि एक उगाचच फिरवून बघतेय. काका तो तिच्या हातातून घेतात, मागचा छाप वाचतात आणि लगेच फोन लावतात, बुधवार पेठेतल्या दुकानाला.

"२५० केचे दोन दिलेत, ते साधे दिलेत. मी उलट्या टेपरचे सांगितले होते." पलीकडून काहीतरी लांबलचक येतं. काका मान हलवतात. "वायर उलट्या जोडून चालत नाही हो. नॉब अर्धा फिरवला तरी आवाज हलत नाही आणि शेवटी एकदम बंद पडतो. गाणं हळूहळू खाली आणायचं असेल तर तिनं काय करायचं?"

पलीकडे दुकानदार मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागतील, आठवडा लागेल असं सांगतो. ते आम्हाला फोनबाहेरही ऐकू येतं.

"लागू दे आठवडा," काका म्हणतात. "दोन नको, चार मागवा. हिची मैत्रीणही डावखुरी आहे."